ओशागान यांच्या कादंबरीचा तिसरा भाग लिहिलाच गेला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परागंदा लेखकांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला पानभर लेख मी आवडीने वाचला. असे विषय आता पुरवण्यांमधून हद्दपार होत चालले आहेत, त्यामुळे आपण तो छापलात याचा आनंदच आहे. मात्र त्या लेखात शेवटाकडे ‘हाकोब ओशाकान’ या नावाने एका लेखकाला जेमतेम अडीच ओळी मिळाल्या असून तेवढ्यातच तीन विधाने चुकीची आहेत. ते ‘तुर्की कादंबरीकार’ होते, पुढे ‘पॅरिसला स्थायिक झाले’ आणि ऑटोमन तुर्कांच्या राजवटीत १९१५ पासून झालेल्या आर्मेनियन वंशसंहारावरची ‘तीन खंडांची कादंबरी त्यांनी पूर्ण केली’, ही ती विधाने. पहिल्या दोन चुका घाईत होण्यासारख्या आहेत. तिसरी मात्र दुरुस्त न करता सोडून देणे मला जमले नाही, कारण त्या माणसाचे सगळे आयुष्यच ती कादंबरी पूर्ण न होण्याभोवती फिरते. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

आधी नावाविषयी. आर्मेनियन भाषेची दोन प्रमाण रूपे आहेत. येरेवानकडची, म्हणजे आर्मेनियाच्या राजधानीकडची, ती पूर्व आर्मेनियन, आणि इस्तंबूल व अनातोलियात घडलेली, तिथून उखडल्यावर बैरूत, अलेप्पो, पॅरिस, बॉस्टन इथे पांगलेली ती पश्चिम आर्मेनियन. लिपी एकच, पण काही अक्षरांचे उच्चार नेमके उलटे. येरेवानमध्ये जे अक्षर ‘क’ म्हणून वाचतात तेच पश्चिमेकडे ‘ग’ होते, आणि ‘ब’चा ‘प’ होतो. म्हणून पूर्वेकडचा ‘हाकोब ओशाकान’ पश्चिमेकडे ‘हागोप ओशागान’ ठरतो. ते स्वतः आयुष्यभर पश्चिम आर्मेनियनमध्येच बोलले, शिकवत आले आणि लिहीत आले, तेव्हा मराठीतही त्यांना हागोप ओशागान म्हणणेच रास्त होईल. हे त्यांचे जन्मनाव नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. घरचे आडनाव क्युफेजियान. तुर्कीत ‘क्युफे’ म्हणजे पाठीवर वाहून न्यायची मोठी टोपली, आणि ‘क्युफेजी’ म्हणजे ती करणारा किंवा वाहणारा. लेखक म्हणून त्यांनी धारण केलेले ‘ओशागान’ हे आर्मेनियातल्या एका गावाचेही नाव आहे. इ. स. ४०५ च्या सुमारास आर्मेनियन लिपी घडवणारा मेस्रोप माश्तोत्स त्या गावी पुरलेला आहे. टोपलीवाल्याचे आडनाव टाकून ज्याने लिपीकाराच्या समाधीचे गाव नावात घेतले, त्याला ‘तुर्की कादंबरीकार’ म्हणणे किती विपरीत आहे, हे वेगळे सांगायला नको.

त्यांचा जन्म १८८३ सालचा, बुर्सा भागातला. बुर्सा तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होते, एवढाच काय तो तुर्कस्तानशी संबंध. वडील लवकर वारले, घरी दारिद्र्य, शिक्षण तुटक. फ्रेंच त्यांनी स्वतःच्या बळावर आत्मसात केली आणि पोटासाठी खेडोपाडीच्या आर्मेनियन शाळांतून मास्तरकी केली. त्यांच्या सुरुवातीच्या कथा या खेड्यांतल्या खालच्या थरातल्या माणसांच्या आहेत, वेडसर, अपंग, हिणवल्या गेलेल्या. या कथांचा संग्रह १९२० साली इस्तंबूलला निघाला. ‘खोनार्हनेरे’ हे त्याचे नाव मराठीत ‘दीनदुबळे’ असे सांगता येईल, जरी त्या शब्दातली कणव ओशागानांच्या लेखणीत फारशी नाही. ते दयाबुद्धीने लिहिणारे लेखक नव्हते.

१९१४ च्या जानेवारीत इस्तंबूलमध्ये पाच तरुणांनी ‘मेह्यान’ नावाचे मासिक काढले. मेह्यान म्हणजे ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या काळातले मंदिर. कवी दानियेल वारुजान, गोस्तान जारियान, केघाम पारसेघियान, आहारोन आणि ओशागान हे ते पाच जण. चर्च आणि व्यापारी पेढ्या यांच्या सावलीत वाढलेल्या वाङ्मयाला धक्का द्यायचा, स्वतःच्या समाजाचा मूळ स्वर शोधायचा, अशा ईर्ष्येने निघालेल्या या मासिकाचे सातच अंक निघाले आणि महायुद्ध सुरू झाले. २४ एप्रिल १९१५ च्या रात्री इस्तंबूलमधून दोनशेहून अधिक आर्मेनियन लेखक, पत्रकार, डॉक्टर, वकील, धर्मगुरू उचलले गेले. त्यात वारुजान होते, पारसेघियान होते. दोघेही त्याच वर्षी मारले गेले. वारुजान तेव्हा एकतीस वर्षांचे होते. पाचांतून ओशागान वाचले ते लपून राहिल्यामुळे. जवळजवळ तीन वर्षे त्यांनी त्याच शहरात जागा बदलत, पोलिसांना चुकवत काढली आणि १९१८ च्या सुरुवातीला जर्मन अधिकाऱ्याच्या वेशात ते बल्गेरियाला निसटले. तुर्कस्तान आणि जर्मनी त्या युद्धात एका बाजूला होते, त्यामुळे जर्मन गणवेश अडवण्याची छाती सहसा कोणाची होत नसे. एखाद्या चित्रपटात शोभेल असा हा प्रसंग आहे आणि आपल्या लेखात तो आला असता तर मला समजण्यासारखे होते. पण ओशागानांचे खरे नाट्य या निसटण्यात नसून त्यानंतरच्या तीस वर्षांत आहे.

युद्ध थांबल्यावर ते इस्तंबूलला परतले. तिथे त्यांनी साहित्य शिकवले, आणि १९२२ साली जारियान, वाहान तेकेयान यांच्यासह ‘पार्त्झ्रावांक’ हे आणखी एक नियतकालिक काढून पाहिले. पण केमाल पाशाचे सैन्य शहराकडे येऊ लागताच, त्या वर्षाअखेरीस, इतर अनेक आर्मेनियन लेखकांप्रमाणे त्यांनीही इस्तंबूल सोडले, ते कायमचे. आधी पुन्हा बल्गेरिया, मग इजिप्त, मग सायप्रस, आणि १९३४ पासून जेरुसलेम. पॅरिस या वाटेवर कुठेच नाही. निर्वासित लेखक म्हटला की तो पॅरिसच्या एखाद्या कॅफेत बसलेला असणार, ही आपली सवय झाली आहे. ओशागानांचे निर्वासितपण शाळेच्या वर्गात, फळ्यासमोर गेले.

सायप्रसची शाळा कोणती, हे सांगण्यासारखे आहे. इजिप्तमध्ये तंबाखूच्या व्यापारात गबर झालेल्या क्रिकोर आणि गाराबेद मेलकोनियान या भावांनी आपली संपत्ती देऊन निकोसियाला मेलकोनियान विद्यालय उभे केले. ते १९२६ मध्ये सुरू झाले तेव्हा त्यातली मुले म्हणजे १९१५ च्या कत्तलीतून मागे राहिलेली अनाथ पोरे होती. शाळेच्या इमारतींसमोर त्या मुलांनी आपापल्या मेलेल्या नातलगांच्या आठवणीसाठी झाडे लावली, आणि त्यांची पुढे राई झाली. रोज त्या रोपांवरून वर्गात जाणाऱ्या आणि समोर बाकांवर बसलेल्या मुलांना त्यांच्या भाषेतले साहित्य शिकवणाऱ्या या माणसाने त्याच वर्षांत, त्याच शहरात आपली सर्वांत मोठी कादंबरी लिहायला घेतली. सन १९३१ मध्ये एका सहकाऱ्याला तिथेच दिलेली त्यांची प्रदीर्घ मुलाखत पुढे प्रसिद्ध झाली, तिच्या शीर्षकातही झाडांची सावली आहे.

कादंबरीचे नाव ‘म्नात्सोर्तात्स’. त्याचा साधा अर्थ ‘उरलेल्यांचे’. परंतु आर्मेनियन वाचकाला त्यात आणखी एक सूर ऐकू येतो. मराठी बायबलमध्ये ज्या दोन पुस्तकांना ‘इतिहास’ म्हणतात, त्यांचे आर्मेनियन बायबलमधले नाव हेच आहे. इतरत्र सांगायचे राहून गेलेले, या ग्रीक अर्थाला धरून ते पडले. म्हणजे वाचलेली माणसे आणि सांगायची राहिलेली हकीकत, दोन्ही एका शब्दात. कथा बुर्साजवळच्या खेड्यातल्या एका मातबर घराण्याच्या पडझडीची आहे आणि त्या घराण्याचे नाव नालबांद आहे. हा शब्द आपल्याला परका नाही. घोड्यांना नाल ठोकणारा नालबंद तो हाच, फारसीतून तो जसा आपल्या पेशवाईत आला तसाच तिकडेही गेला. या घराला वंश हवा आहे आणि वंशासाठी घर काय काय करायला तयार होते, यावर पहिला भाग उभा आहे. म्हणूनच त्याचे नाव ‘गर्भाच्या वाटेने’. दुसऱ्या भागाचे नाव ‘रक्ताच्या वाटेने’. तिसरा भाग व्हायचा होता ‘नरक’, आणि त्यात यायचे होते खुद्द १९१५ चे निर्वासन, सीरियाच्या वाळवंटाकडे हाकललेले तांडे, एका सबंध समाजाचा शेवट.

तो तिसरा भाग लिहिला गेला नाही. १९३२ ते १९३४ या काळात कैरोला ‘म्नात्सोर्तात्स’चे तीन ग्रंथ छापून निघाले, आणि आपल्या लेखकाची फसगत बहुधा इथेच झाली असावी. ग्रंथ तीन आहेत, पण योजनेतले भाग दोनच आहेत. आधीच्या दोन भागांनीच तीन ग्रंथांची जागा खाल्ली. १९१५ च्या आधीचे जग, त्यातली भांडणे, वासना, अंगणे, लग्ने, तुर्क शेजाऱ्यांशी असलेले गुंतागुंतीचे संबंध, हे सारे त्यांनी शेकडो पाने थांबून, चिमटीत धरल्यासारखे लिहिले आणि नेमके दार उघडायची वेळ आली तेव्हा ते थांबले. त्यानंतर ते आणखी चौदा वर्षे जगले, त्यांनी हजारो पाने लिहिली, पण या दारापाशी ते परत आले नाहीत.

असे का झाले, यावर त्यांच्या अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. प्रकृतीचे कारण दिले जाते आणि त्यात तथ्य आहे. मार्क निशानियान यांनी मात्र हा प्रश्न आजारपणापाशी न थांबवता पुढे नेला. त्यांच्या मते हे अपयशच अर्थपूर्ण आहे, कारण जी आपत्ती साक्षीदारालाच नष्ट करते ती कादंबरीच्या कवेत येईलच असे नाही, आणि ओशागानांनी हे स्वतःच्या अंगावर अनुभवून दाखवले. मला हे पटते, पण पूर्णपणे नाही. माझ्या अल्प वाचनाने मला असे वाटते की ओशागानांना अडवले ते मरणाने नव्हे तर मारणाऱ्याने. ‘सुलेमान एफेंदी’, ‘हाजी मुराद’ यांसारख्या कथनांत त्यांनी तुर्क माणसाला मध्यभागी ठेवून पाहिले आहे. त्याचा खलनायक करून मोकळे होणे त्यांना जमत नव्हते. हत्या करणाऱ्याच्या मनात शिरल्याशिवाय हत्येची कादंबरी होत नाही, हे ज्या कादंबरीकाराला कळले आहे आणि ज्याच्या घरातली, मासिकातली, शाळेतली माणसे त्याच हत्येत गेली आहेत, त्याने काय करावे? हा प्रश्न ज्या लेखकाने एवढ्या उघडपणे अंगावर घेतला, त्याच्या नावावर ‘पूर्ण केलेली’ कादंबरी चढवणे म्हणजे त्याची सर्वांत प्रामाणिक कृती पुसून टाकणे होय.

मग त्या चौदा वर्षांत त्यांनी केले काय? जेरुसलेमच्या जुन्या शहरात आर्मेनियन मोहल्ला आहे, सेंट जेम्सचा मठ आहे, १८३३ पासून चालत आलेला छापखाना आहे आणि गुलबेंकियान यांच्या देणगीतून झालेले ग्रंथालय आहे. तिथल्या धर्मपाठशाळेत साहित्य शिकवत असताना ओशागानांनी पश्चिम आर्मेनियन साहित्याचा समग्र पट लिहायला घेतला. ‘हामाबादगेर आरेव्मदाहाय क्रागानुत्यान’ असे त्याचे भारदस्त नाव असून तो दहा खंडांचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इस्तंबूल आणि परिसरात जी एक पिढीमागून पिढी लिहीत गेली, तिच्यातल्या लहानमोठ्या लेखकांना त्यांनी एकेक करून समोर बसवले आहे. जीवन, काळ, ग्रंथ, शैली, दोष. विशेषतः दोष. जे मारले गेले त्यांच्याबद्दल हळुवार बोलावे, ही अपेक्षा त्यांनी धुडकावली. हुतात्मा झालेला लेखक असेल तरी त्याची वाईट कविता वाईटच, असा त्यांचा रोखठोक हिशोब होता. त्या काळी अनेकांना हे क्रूर वाटले. मला मात्र ही त्यांनी मृतांना दिलेली सर्वांत मोठी मानाची वागणूक वाटते. श्रद्धांजलीचे हार घालून मंडळी निघून जातात, समीक्षक मात्र पुस्तक उघडून बसतो.

त्यांची शैली सोपी नाही, हे इथे नमूद करायला हवे. वाक्यात वाक्य, त्यात कंस, कंसात पुन्हा आठवण, असा तो प्रकार आहे. त्यांचे गद्य दुर्बोध असल्याची तक्रार आर्मेनियन वाचकांचीही जुनी आहे. गेल्या दशकात लंडनच्या गोमिदास इन्स्टिट्यूटने ‘म्नात्सोर्तात्स’च्या आरंभीच्या भागाचा जी. एम. गोशगारियान यांनी केलेला इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तोच मी वाचला आहे, आणि पहिल्या पन्नास पानांना मला दोन आठवडे लागले. ग्रंथालयात तीसएक वर्षे काढल्यामुळे पुस्तकाशी झटण्याची सवय आहे, तरीही.

दहा खंडांपैकी पहिला १९४५ साली जेरुसलेमला निघाला. उरलेले त्यांच्या मृत्यूनंतर, जेरुसलेम, बैरूत, आंतेलियास असे गाव बदलत बाहेर पडले आणि दहावा खंड १९८२ साली आला. या दहाव्या खंडाचा विषय खुद्द हागोप ओशागान हा लेखक आहे. इतरांना जी कसोटी लावली त्याच कसोटीवर त्यांनी स्वतःचे लेखन घासून पाहिले. ही आत्मप्रौढी आहे असे कोणी म्हणेल. त्यात ती थोडी आहेही. पण जरा त्यांच्या जागी उभे राहून पाहावे. ज्या समाजाने आपल्यावर उद्या समीक्षा लिहायची, त्या समाजाचे वाचक वाळवंटात गेले, समीक्षक गेले, मासिके बंद पडली, छापखाने परक्या गावी. आपल्यावर लिहायला कोणी उरेलच याची खात्री नसलेल्या माणसाने तेही काम स्वतः उरकून ठेवले, असे मला ते पान उलटताना जाणवते.

फेब्रुवारी १९४८ मध्ये ओशागान अलेप्पोला गेले होते. तिथून ते देर एझ्-झोरला निघणार होते. देर एझ्-झोर म्हणजे त्या निर्वासनाचे अखेरचे टोक, असंख्य तांडे जिथे संपले ते ठिकाण. ‘नरक’ लिहिला गेला असता तर त्याची वाट तिथेच जाऊन पोहोचली असती. निघण्याच्या आदल्या दिवसांत, १७ फेब्रुवारीला, अलेप्पोतच त्यांचे निधन झाले. यावर भाष्य करण्याचा मोह अनेकांना झाला आहे. मी तो टाळतो.

महाराष्ट्राशी यांचा काय संबंध, असे आपले वाचक विचारतील. ओशागानांशी थेट संबंध काहीही नाही आणि तो ओढूनताणून जोडण्याची माझी इच्छा नाही. मात्र आर्मेनियन माणूस इथे अनोळखी नव्हता. मुंबईच्या फोर्टात मेडोज स्ट्रीटवर, आजच्या नगीनदास मास्टर मार्गावर, त्यांचे सेंट पीटर चर्च १७९६ पासूनचे आहे. आर्मेनियन भाषेतले जगातले पहिले नियतकालिक ‘आझ्दारार’ हे इस्तंबूलला किंवा येरेवानला नव्हे तर मद्रासला, १७९४ साली, हारुत्युन श्मावोनियान या धर्मगुरूने काढले. त्याची कबर चेन्नईच्या आर्मेनियन चर्चच्या आवारात आहे. काही वर्षांपूर्वी मी तिथे गेलो होतो तेव्हा आवारात चाफा फुलला होता आणि दुसरे कोणीही नव्हते. राखणदाराने मला कबर दाखवली, पण हा कोण, हे मलाच त्याला सांगावे लागले.

ज्या पश्चिम आर्मेनियनमध्ये हे सारे लिहिले गेले, तिची नोंद युनेस्कोने २०१० साली संकटग्रस्त भाषांत केली. मेलकोनियान विद्यालयाची शाळा २००५ मध्ये बंद झाली. ओशागानांचे चिरंजीव वाहे हे पश्चिम आर्मेनियनमधले नावाजलेले कवी. त्यांचा जन्म बल्गेरियातला, उमेदीचा काळ बैरूतमधला, आणि यादवी युद्धामुळे तेही सुटल्यावर मृत्यू फिलाडेल्फियातला, सन २००० चा. दोन पिढ्यांत किती गावे झाली ते वाचकांनीच मोजावे.

तेव्हा विनंती एवढीच की, येत्या रविवारच्या अंकात दुरुस्ती द्यावी. नाव हागोप ओशागान, भाषा पश्चिम आर्मेनियन, मुक्काम बल्गेरिया, इजिप्त, सायप्रस, जेरुसलेम, मृत्यू अलेप्पो. कादंबरीचे भाग दोन. तिसऱ्यासमोर ‘लिहिला नाही’ असे स्पष्ट छापावे, ‘उपलब्ध नाही’ असे नको. ग्रंथालयाच्या नोंदवहीत या दोन शेऱ्यांचे रकाने आम्ही वेगळे ठेवत असू.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा